मार्थाबाईंची बाजू

आमच्या घरात मला दोन नावे आहेत. एक रेशनकार्डावरचे आणि दुसरे आमच्या ह्यांनी ठेवलेले, मार्थाबाई! सकाळी एका हाताने दूध उतरवीत आणि दुसऱ्या हाताने धाकट्याचा गणवेश वाळला का ते चाचपीत मी जरा कुठे "एवढ्या घरात कुणाला म्हणून माझी दया येईल तर शपथ!" असे म्हटले, की वर्तमानपत्राआडून आवाज येतो, "झालं! मार्थाबाई सुरू झाल्या." मग मी ओट्यावर भांडे जरा जोरातच आदळते. त्या आवाजावरून मुलेही ओळखतात, की मार्थाबाई खरोखरच सुरू झाल्या आहेत.

ही मार्था कोण, हे आमच्या ख्रिस्ती घरांतल्या लहान पोरालाही ठाऊक असते. पण माझ्या इतर मैत्रिणींसाठी सांगते. बायबलात लूकचे शुभवर्तमान आहे. त्याच्या दहाव्या अध्यायाच्या शेवटी, ३८ ते ४२ अशा अवघ्या पाच ओव्यांत तिची गोष्ट आली आहे. (बायबलातल्या क्रमांक घातलेल्या वाक्यांना आमच्याकडे ओव्या म्हणतात, बरं का!) एका गावात मार्था आणि मरीया अशा दोघी बहिणी राहत होत्या. प्रभू येशू वाटेने जाता जाता त्यांच्याकडे उतरले. मार्थाने त्यांचे आगतस्वागत केले आणि ती पदर खोचून कामाला लागली. मरीया मात्र प्रभूंच्या पायाशी बसून त्यांचे बोलणे ऐकत राहिली. मार्थाने काही वेळ दम धरला असेल. मग ती बाहेर आली आणि बहिणीला एक अक्षर न बोलता थेट पाहुण्यांनाच म्हणाली, की हिने सगळे काम माझ्या एकटीच्या गळ्यात टाकले आहे, याचे तुम्हाला काहीच कसे वाटत नाही? सांगा की तिला मला जरा हात लावायला! त्यावर प्रभूंनी तिला दोनदा नावाने हाक मारली आणि समजावले, की बाई गं, तू किती गोष्टींची काळजी वाहतेस, किती दगदग करून घेतेस! खरी गरज एकाच गोष्टीची आहे. ती मरीयेने निवडली आहे आणि तिच्याकडून ती कुणी काढून घेणार नाही.

संपली गोष्ट! पुढे स्वयंपाकाचे काय झाले, चुलीवरचे उतू गेले की करपले, याबद्दल लूक एक शब्द लिहीत नाही. लिहिणारी बाई असती तर तिने आधी तेच सांगितले असते, अशी माझी खात्री आहे.

आता तुम्हीच सांगा. पाहुणे किती होते ते लूकने दिलेले नाही. पण प्रभूंबरोबर नेहमी बारा शिष्य असत. सगळे आले असतील तर तेरा पाने झाली! आधी फोन नाही, निरोप नाही. त्या काळी पीठ घरोघरी जात्यावर दळावे लागे, पाणी विहिरीवरून भरून आणावे लागे आणि भाकऱ्या लाकूडफाट्यावर भाजाव्या लागत. अशा वेळी घरातली दुसरी बाई मांडी घालून बसली, तर कुणाचे पित्त खवळणार नाही? आमच्या चर्चमध्ये दर वर्षा-दीड वर्षाने या पाच ओव्यांवर उपदेश होतो. त्या दिवशी बायकांच्या बाजूला सगळ्या जणी पायाचा अंगठा बघत बसलेल्या असतात. उपदेश संपला की उपदेश करणारे पाहुणे कुणाच्या तरी घरी जेवायला जातात आणि तिथली मार्था सकाळी पाचला उठून वाटण वाटून आलेली असते. हे मी चेष्टेने म्हणते. पण गेल्या नाताळापर्यंत मी ते जरा रागानेच म्हणत असे.

आम्ही अहिल्यानगरचे. २०२४ साली नाव बदलले तरी आमच्या तोंडातून अजून नगरच निघते. घरात आम्ही दोघे, दोन मुले आणि सासूबाई. मी सकाळच्या सत्रात एका शाळेत अर्धवेळ शिकवायला जाते. धाकटे दीर-जाऊ पुण्याला असतात. जाऊ मोठी गोड मुलगी. रोज सकाळी सहाच्या ठोक्याला तिचे बायबलमधले वचन माझ्या मोबाइलवर हजर! वचनामागे गुलाबाचे फूल, फुलावर दवाचे थेंब. ते येते तेव्हा माझे दूध उतू जायच्या बेतात असते. त्यामुळे मी ते कधी उघडून बघत नसे. संध्याकाळी एकदम सातही वचनांना हात जोडून टाकी.

तर गेल्या नाताळातली गोष्ट. आमचा नाताळचा फराळ म्हणजे तुमच्या दिवाळीसारखाच. करंज्या, शेव, चकल्या, लाडू आणि वर आणखी केक. तो सगळा पार पडला आणि नव्या वर्षाच्या आत एका संध्याकाळी आम्ही पाळकसाहेबांना, म्हणजे आमच्या मंडळीच्या धर्मगुरूंना, जेवायला बोलावले. दीर-जाऊही आलेले होते. बेत मटणाचा रस्सा, बाजरीच्या भाकऱ्या, भात, कोशिंबीर आणि शेवयांची खीर असा होता. भाकरीचे तुम्हाला ठाऊकच आहे. ती तव्यावरून ताटात गेली तरच तिला मान. म्हणजे भाकरी करणारीने चुलीपुढून हलायचे नाही.

जाऊबाईने कांदे चिरून दिले आणि "आलेच हं ताई" म्हणून ती बाहेर गेली. दहा मिनिटे झाली, वीस झाली, तिचा पत्ता नाही. स्वयंपाकघरात पंख्याची घरघर चाललेली, त्यामुळे बाहेरचे बोलणे ऐकू येईना. मी दाराच्या फटीतून डोकावले. पाळकसाहेब खुर्चीवर, सासूबाई पलंगावर आणि आमची ही सासूबाईंच्या पायाशी खाली बसलेली. पायाशी! माझे डोके असे तापले म्हणता, की त्यावर भाकरी भाजली असती.

पिठाच्या हातांनीच मी बाहेर गेले आणि सगळ्यांच्या देखत म्हणाले, "आई, तुमच्या धाकट्या सूनबाईंना जरा सांगा. या घरात मोलकरीण ठेवलेली नाही!"

एकदम शांत झाले. जाऊ उठली. डोळे पुशीत आत आली, हात धुतले, ताटे मांडली, वाढले. तोंडातून शब्द नाही. पाळकसाहेबांनी भाकरीची स्तुती केली. माझ्या घशाखाली मात्र घास उतरेना. त्या रात्री ह्यांनी मला मार्थाबाई म्हणूनसुद्धा चिडवले नाही, तेव्हाच मी समजले की काहीतरी फार चुकले आहे.

झोपायच्या आधी सासूबाईंनी सांगितले. जाऊची आई दिवाळीत वारली होती. आम्ही सगळे जाऊनही आलो होतो. पण तेव्हापासून ती पोरगी आईबद्दल कुणाशी एक शब्द बोलली नव्हती. नोकरी, घर, वचने पाठवणे, सगळे नेहमीसारखे चालू होते. त्या संध्याकाळी पाळकसाहेबांनी सहज विचारले, "आईची आठवण येते का, बाळ?" आणि तिचा बांध फुटला. शेवटच्या दिवसात आईने तिच्याजवळ काय मागितले होते, ते ती सांगत होती.

"तिचं बोलणं निम्म्यातच राहिलं बघ," सासूबाई म्हणाल्या. बाकी काही बोलल्या नाहीत. बोलल्या असत्या तर बरे झाले असते.

दुसऱ्या दिवशी ती दोघे पुण्याला गेली. मी फराळाचे दोन डबे भरून दिले. "येते ताई," असे ती म्हणाली, पण माझ्याकडे न बघता. माफीचा शब्द माझ्या जिभेवर आला आणि तिथेच अडकला. डबा देणे किती सोपे असते! नव्या वर्षाच्या पहिल्या सकाळी सहा वाजले, दूध तापले, उतू गेले. पण मोबाइल वाजला नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. जे गुलाब मी कधी उघडले नव्हते, ते न आल्याचे मला इतके लागेल असे वाटले नव्हते.

पण माणसाचे मन मोठे वकील असते. जानेवारीभर मी मनात माझी बाजू मांडत होते आणि त्यासाठी बायबलच पुढे करीत होते. म्हटले, आमचे प्रभू काही घरकामाला हलके लेखणारे नव्हते. स्वयंपाकघर त्यांना चांगले ठाऊक होते. देवाच्या राज्याची उपमा द्यायची तर त्यांनी बाईने पिठात घातलेले खमीर घेतले आणि पीठ तरी किती, तर तीन मापे, म्हणजे ३५-४० लिटरचे भांडे भरेल इतके! नवे कापड जुन्या वस्त्राला ठिगळ म्हणून लावले तर फाटके आणखी फाटते, हेही त्यांना माहीत होते. दहा नाण्यांतले एक हरवले म्हणून दिवा लावून सारे घर झाडणारी आणि सापडल्यावर शेजारणींना बोलावून सांगणारी बाई तर आपल्यापैकीच! आणि योहानाच्या शेवटच्या अध्यायात, पुनरुत्थानानंतर, रात्रभर मासे धरून थकलेले शिष्य किनाऱ्याला येतात तेव्हा काय दिसते? प्रभूंनी निखारे पेटवून त्यांच्यासाठी मासळी आणि भाकरी तयार ठेवली आहे! मरणाला जिंकून आलेल्या माणसाने आधी न्याहारी केली. मग मी भाकऱ्या थापत होते, त्यात माझे काय चुकले?

खटला असा रंगात आला असताना एके दिवशी शाळेत सहावीतली एक मुलगी तीन दिवसांनी उगवली. हुशार पोर, कवितेला चाल लावून म्हणते. "का गं, कुठे होतीस?" तर म्हणाली, "पाहुणे आले होते, बाई." हे कारण मी वर्गात शंभरदा ऐकले आहे. त्यातही ते मुलींकडूनच येते. पाहुणे आले म्हणून मुलगा घरी राहिला, असे अजून तरी ऐकलेले नाही. मी तिला जरा रागावूनच म्हणाले, "पाहुण्यांना पाणी द्यायला घरात दुसरं कुणी नव्हतं का? तुझा धडा बुडतो ना!" आणि म्हटले ते म्हटले, माझेच बोलणे माझ्या कानात घुमू लागले. मी तर मरीयेची बाजू घेत होते!

गुरूच्या पायाशी बसणे म्हणजे त्या काळी नुसते आरामात बसणे नव्हते. ती शिष्याची जागा होती आणि तिथे सहसा पुरुषच बसत. मार्था बहिणीला आत बोलावत होती म्हणजे एका परीने शाळेतूनच उठवत होती. प्रभूंनी तेवढे होऊ दिले नाही. आपल्याकडे पंडिता रमाबाईंनी (१८५८–१९२२) हीच गोष्ट ओळखली. केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये शेकडो निराधार बायकांचा संसार त्यांनी चालवला. दळण, शेती, विणकाम, सगळे तिथे होते. म्हणजे मार्थापणात त्यांचा हात धरणारे कुणी नव्हते. पण तेवढ्यावर त्या थांबल्या नाहीत. साध्या बाईलाही समजेल अशा मराठीत बायबल असावे म्हणून त्या हिब्रू आणि ग्रीक शिकल्या, भाषांतराला बसल्या आणि आयुष्याच्या अखेरपर्यंत ते काम करीत राहिल्या. मुक्तीतल्या बायकांनीच खिळे जुळवून ते छापले. चुलीपुढच्या बाईने ऐकावे, वाचावे, यासाठी एवढा खटाटोप! हे आठवले आणि माझ्या वकिलाचा आवाज जरा खाली आला.

एकीकडे सासूबाईंच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू वाढत होता. बायबलची बारीक अक्षरे त्यांना दिसेनाशी झाली होती. जानेवारीतच त्या म्हणाल्या, "दुपारी मला रोज एक अध्याय वाचून दाखवशील का?"

नाही कसे म्हणणार? पण खरे सांगते, मनात मी तासांचा हिशेबच केला. शाळेतून आले की जेवणे, भांडी, मुलांचे अभ्यास, संध्याकाळची भाजी. त्यात ही आणखी एक गोष्ट. वाचायला बसले की माझा एक डोळा पुस्तकावर आणि एक घड्याळावर असे. लूकचे शुभवर्तमान सुरू होते. मोठा अध्याय आला की मी मधल्या एखाददोन ओव्या हळूच गाळीत असे. त्या डोळे मिटून ऐकत असत, त्यांना काय कळणार, असे मला वाटे.

असे करता करता दहावा अध्याय आला. चांगल्या शोमरोन्याची गोष्ट वाचून झाली. वाटेत लुटून टाकलेल्या माणसाला उचलून नेणारा तो परका माणूस. आणि पुढे काय येणार ते मला दिसले. बेथानीचे ते घर! त्या पाच ओव्या माझ्या तोंडून वाचवेनात. मी पान उलटले आणि जसे काही झालेच नाही अशा सुरात थेट अकरावा अध्याय सुरू केला, जिथे प्रभू शिष्यांना प्रार्थना करायला शिकवतात.

सासूबाईंनी डोळे उघडले नाहीत. नुसत्या म्हणाल्या, "शोमरोन्यानंतर एकदम प्रार्थना? आणि मधलं घर कुठं गेलं गं?"

माझे कान लाल झाले. "आई, तुम्हाला हे पाठ आहे?"

"लूक पुष्कळसा पाठ आहे. योहान तर सगळाच."

"आणि मी मधेमधे गाळत होते, ते?"

"तेही कळत होतं. परवा तू कुष्ठरोग्याला बरा न करताच पुढे गेलीस!"

मला हसू आले आणि रडूही. म्हटले, "मग तुम्हाला पाठच आहे, तर मला कशाला वाचायला बसवता?"

त्यावर त्या जे बोलल्या ते अगदी साध्या आवाजात बोलल्या. "वाचताना तू बसतेस म्हणून."

मैत्रिणींनो, लग्न होऊन मला चौदा वर्षे झाली. चौदा वर्षांत मी या बाईला हजारो वेळा जेवायला वाढले, औषधे दिली, पाय चेपले. पण काही काम हातात नसताना तिच्याजवळ बसल्याचे मला आठवेना. आणि तिने ते मागितले तेसुद्धा काम म्हणून मागितले. कारण काम सांगितले तरच ही बसेल, हे तिला ठाऊक होते.

मग त्या म्हणाल्या, "तू त्या मार्थेला फार घाबरतेस. तिची पुढची गोष्ट वाचलीस का कधी? योहान काढ, अकरावा अध्याय."

मी काढला. बायबल लहानपणापासून वाचत आले. पण ही तिन्ही ठिकाणे एकापुढे एक ठेवून मी कधी वाचली नव्हती. त्या घराचा भाऊ लाजर वारला आहे. बेथानी यरुशलेमपासून जेमतेम तीन किलोमीटर, तेव्हा शहरातून कितीतरी माणसे भेटायला आली आहेत. (त्या गावाला आज अल-अझरिया म्हणतात. हे नाव लाजरच्या नावावरूनच पडले आहे.) प्रभू येत आहेत असे कळते तेव्हा घरात बसून राहते ती मरीया आणि उठून वेशीबाहेर सामोरी जाते ती मार्था! प्रभूंना तोंडावर सांगते, की तुम्ही इथे असता तर माझा भाऊ गेला नसता. आणि त्याच दमात, तुम्ही देवाचे पुत्र ख्रिस्त आहात असा माझा विश्वास आहे, हेही सांगते. मत्तयाच्या शुभवर्तमानात पेत्राने असेच सांगितले तर त्याचे केवढे नाव झाले! तेच एका स्वयंपाकघरातल्या बाईने सांगितले, याकडे माझे कधी लक्षच गेले नव्हते.

"थांबू नकोस. अठ्ठाविसावी ओवी वाच," सासूबाई म्हणाल्या.

ती वाचली आणि मी खरोखरच थांबले. हे सगळे बोलून झाल्यावर मार्था घरी परत येते, बहिणीला कुणाच्या नकळत बाजूला घेते आणि गुरू आले आहेत, तुला बोलावताहेत, असे सांगते. जी एकदा भरल्या घरात म्हणाली होती की हिला त्यांच्याजवळून उठवा, तीच आता हलक्या आवाजात बहिणीला त्यांच्याकडे पाठवते आहे!

"आणि बारावा?" मी विचारले. आता मला घाई नव्हती.

बाराव्या अध्यायात पुन्हा तेच गाव, पुन्हा पंगत. लाजर जिवंत होऊन पंगतीला बसला आहे. मरीया पुन्हा प्रभूंच्या पायाशी, मौल्यवान सुगंधी तेल ओतते आहे. आणि मार्था? ती वाढते आहे! दुसऱ्या ओवीत एवढेच लिहिले आहे. तिने स्वयंपाक सोडला नाही, की कुणी तिला सोडायला सांगितला नाही. फक्त या वेळी ती कुणाची तक्रार करीत नाही.

"भाकरी तेव्हाही लागलीच असेल ना," सासूबाई म्हणाल्या. "पण भाकरी करता करता मन बहिणीवर धुमसत असलं, की भाकरीही कडू आणि बहीणही कडू."

त्या दिवशी संध्याकाळची भाजी उशिरा झाली. आधी मी पुण्याला फोन लावला. काय बोलायचे ते ठरवले होते. पण तिचा आवाज ऐकल्यावर सगळे विसरले. म्हणाले, "त्या दिवशी तुझं बोलणं निम्म्यात राहिलं. आईंनी काय मागितलं होतं गं शेवटी?" पलीकडे बराच वेळ शांत. मग ती बोलू लागली. चाळीस मिनिटे बोलली. मी गॅस बंद करून, ओट्यापाशी स्टूल ओढून ऐकत राहिले. काय मागितले होते ते इथे लिहीत नाही. ते तिचे आणि तिच्या आईचे आहे. फोन ठेवताना मी म्हटले, "चुकले गं मी." ती म्हणाली, "ताई, मी तरी कांदे चिरून पळालेच होते की!" आणि दोघी हसलो. दुसऱ्या दिवशी सकाळी सहाला मोबाइल वाजला. गुलाब होता. मी दूध उतरवले, हात पुसले आणि वचन शेवटपर्यंत वाचले.

मार्चमध्ये सासूबाईंच्या एका डोळ्याची शस्त्रक्रिया झाली. मोतीबिंदू पूर्ण पिकेपर्यंत थांबायचे, ही जुनी समजूत. दिसायची अडचण होऊ लागली की करून घ्यावे, असे आता डॉक्टर सांगतात. सकाळी गेलो आणि संध्याकाळी घरीसुद्धा आलो. मग डोळ्यात ठरल्या वेळी थेंब, डोळ्याला पाणी लागू द्यायचे नाही, वाकायचे नाही, जड उचलायचे नाही, डोळा चोळायचा नाही. हे सगळे सांभाळायला जाऊबाई रजा घेऊन आठ दिवस आली. थेंबांचे वेळापत्रक तिने भिंतीवर लावले आणि मी हात धुतल्याशिवाय बाटलीला शिवू नये म्हणून माझ्यावर पहारा ठेवला. थेंब घालताना ती आईंच्या जवळ बसे, तिथेच गप्पा मारीत राही. मी आतून हाक मारीत नव्हते. एकदा अगदी जिभेवर आली होती, पण गिळली.

चारसहा आठवड्यांनी नवा चष्मा आला. तो लावून सासूबाई स्वयंपाकघराच्या दारात उभ्या राहिल्या, चौफेर बघितले आणि त्यांची नजर एक्झॉस्ट पंख्यावर जाऊन थांबली. "अगं बाई! हा पंखा कधीपासून असा काळा आहे?" एवढी वर्षे मला वाटत होते, की आपल्या घरात स्वच्छता टापटीप आहे. नुसता मोतीबिंदू होता!

आता त्या स्वतःच वाचू शकतात. पहिल्या दुपारी मला एकदम मोकळा वेळ मिळाला. मी कपड्यांच्या घड्या घातल्या, डबे पुसले, आणि तरी काहीतरी राहिल्यासारखे वाटत राहिले. शेवटी मेथीची जुडी आणि सूप घेऊन त्यांच्या खोलीत गेले. उगाच विचारले, "आई, वाचून दाखवू का?"

त्यांनी चष्मा पुसला आणि पलंगावर जरा सरकून मला जागा केली. "आज मी वाचते," म्हणाल्या. "तू मेथी निवड."

तेव्हापासून हाच क्रम आहे. त्या वाचतात आणि मी निवडते. कधी मेथी, कधी गवार, कधी तांदूळ. मार्थाबाई अजून अधूनमधून सुरू होतात, नाही असे नाही. परवाच ह्यांनी वर्तमानपत्राआडून तसे जाहीर केले. मी भांडे आदळणार होते, पण ते त्यांच्या हातात दिले आणि म्हटले, "अहो, मार्थाबाई दुपारी बसायला जाणार आहेत. तेवढं दूध आज तुम्ही तापवा."

दूध उतू गेले. पण ते त्यांच्या हातून!